उन्हाळ्यात लॉन आणि अंगण कसं जगवायचं (पहिल्यांदाच बाग सांभाळणाऱ्यांसाठी)

नवीन रो हाऊस घेतलं, पुढे ४००-५०० चौरस फूट जागा मिळाली, पावसाळ्यात हौसेने लॉन टाकलं, दिवाळीपर्यंत ते एकदम मस्त भरलं आणि मग मार्च उजाडला की रोज एक नवीन पिवळा पट्टा दिसायला लागतो. पुणे-नाशिकपासून अकोला-नागपूरपर्यंत सगळीकडे हेच चालू असतं. मग घाबरून लोक दोन गोष्टी करतात, सकाळ-संध्याकाळ पाईप घेऊन पाणी शिंपडतात आणि माळ्याला सांगून वरून युरिया टाकतात, आणि या दोन्हीमुळे मे महिन्यात लॉन अजूनच बसतं.

माझं म्हणणं सरळ आहे, एप्रिल-मे मध्ये लॉन हिरवंगार ठेवायचा हट्ट सोडा, फक्त मुळं जिवंत ठेवा. मृगाचा पाऊस पडला की गवत आपलं आपण उठतं. पाणी कमी असेल तर ते आधी झाडांना, मग झुडपांना, मग कुंड्यांना आणि सगळ्यात शेवटी लॉनला. कारण गेलेलं लॉन पावसाळ्यात दोन महिन्यांत परत भरतं, पण सात-आठ वर्षांचा आंबा किंवा लिंबू वाळला तर परत सात-आठ वर्षं थांबा. बहुतेक लोक बरोबर उलटं करतात, गेटमधून लॉन दिसतं म्हणून सगळं पाणी लॉनला आणि मागचं पेरूचं झाड कोरडं.

आधी आपलं गवत कुठलं आहे ते बघा

आपल्याकडच्या घरगुती लॉनमध्ये फिरून फिरून तीन-चारच प्रकार असतात. नर्सरीवाले ज्याला सिलेक्शन वन म्हणतात ते म्हणजे बारीक पानाचं बर्म्युडा, म्हणजे आपल्या हरळीच्याच कुळातलं. शेतकरी आयुष्यभर हरळी खणून थकतो तरी ती मरत नाही आणि आपण पैसे देऊन तीच आणून लावतो, पण उन्हाळ्यात हाच चिवटपणा कामाला येतो. जमिनीखाली तिच्या कांड्या असतात, वरचं सगळं वाळलं तरी त्या जिवंत राहतात. दुसरं मेक्सिकन, दाट आणि मऊ, सध्या कार्पेटच्या तुकड्यांमध्ये (म्हणजे मातीसकट कापून आणलेल्या तयार गवतात) सगळ्यात जास्त हेच विकलं जातं आणि त्याला पाणी थोडं जास्त लागतं. तिसरं कोरियन, ज्याचे उंचवटे उंचवटे होतात, दिसायला सुंदर पण हळू वाढतं, त्यामुळे एकदा गेलं तर भरायला फार वेळ घेतं. आणि सावलीत लावतात ते रुंद पानाचं कार्पेट ग्रास, त्याला कडक ऊन अजिबात झेपत नाही.

हे सांगायचं कारण म्हणजे यूट्यूबवर बघून लॉन करणारे खूप झालेत, आणि त्यातले बरेचसे व्हिडिओ अमेरिकेच्या नाहीतर इंग्लंडच्या थंड भागातले असतात. तिकडचं गवत वेगळं, ते थंड हवेत वाढतं आणि उन्हाळ्यात झोपतं, म्हणून ते सांगतात की तीन-चार इंच उंच ठेवा, शरद ऋतूत खत द्या वगैरे. आपलं गवत उष्ण हवेचं आहे. त्याला ३०-३५ डिग्री तर आवडतं, त्याचे हाल होतात ते पाणी कमी पडल्यामुळे आणि उथळ मुळांमुळे. त्यामुळे तिकडचं वेळापत्रक जसंच्या तसं इकडे लावू नका.

होळीच्या आधी उरकायची कामं

फेब्रुवारीचा शेवट ते होळी, हा काळ उन्हाळ्याच्या तयारीचा. एकदा ३८-३९ डिग्री सुरू झालं की लॉनला खणणं-टोचणं काही करायचं नाही.

पहिलं काम भोकं पाडायचं. बऱ्याच बंगल्यांच्या जागेत बिल्डरने खाली मुरूम आणि राडारोडा भरलेला असतो आणि वर चार बोटं लाल माती पसरून लॉन टाकलेलं असतं. त्यावर वर्षभर माणसं चालून, मुलं खेळून माती दबते आणि पाणी आत न जाता फरशीकडे वाहून जातं. काटे असलेला गार्डन फोर्क घ्या, तो तीन-चार इंच आत दाबा, थोडा हलवा, काढा, मग चार-सहा इंच सोडून परत. कंटाळवाणं काम आहे पण ५०० फुटांचं लॉन एका सकाळी होतं, आणि उन्हाळ्यात पाणी खाली मुरतं की नाही हे बरंचसं यावरच ठरतं. फोर्क आतच जात नसेल तर आदल्या दिवशी चांगलं पाणी द्या. त्या भोकांवर नीट कुजलेलं, चाळलेलं कंपोस्ट आणि थोडी वाळू मिसळून पाव-अर्धा इंच पसरा आणि झाडूने आत ढकला. गवताचे शेंडे वर दिसले पाहिजेत, पूर्ण गाडून टाकू नका.

शेणखत टाकायचं असेल तर ते चहापावडरसारखं मोकळं आणि बिनवासाचं झालेलं पाहिजे. अर्धं कच्चं शेणखत टाकलं की त्यातून तणाचं बी येतं, हुमणी (मुळं खाणारी अळी) येते आणि उन्हाळ्यात वाळवीला आमंत्रण मिळतं. फुकट मिळालं म्हणून ट्रॉलीभर घेऊ नका.

खताचा शेवटचा हलका डोस याच वेळी द्यायचा. युरियाच असेल तर चौरस मीटरला ५ ग्रॅमपेक्षा जास्त नको, म्हणजे ५०० चौरस फुटांना साधारण पाव किलो, तोही संध्याकाळी फेकून लगेच भरपूर पाणी. त्यानंतर थेट पाऊस सुरू होईपर्यंत युरिया बंद. एप्रिल-मे मध्ये युरिया टाकला की गवत कोवळी पालवी काढतं, पालवीला पाणी जास्त लागतं, आणि पाणी तर तेव्हाच नसतं. शिवाय कोरड्या जमिनीत खताचे क्षार मुळं भाजतात ते वेगळंच.

याच दिवसात तण पण काढून घ्या. गाजरगवत फुलायच्या आधी उपटायचं, हातात मोजे घालून, कारण त्याने अनेकांच्या अंगाला खाज सुटते आणि रॅश येतात. लव्हाळा मात्र नुसता वरून ओढून जात नाही, खाली गाठ राहते आणि तिथून परत फुटतो, त्यामुळे खुरप्याचं टोक घालून गाठीसकट काढायचा. सगळा निघणार नाहीच, दर पंधरा दिवसांनी थोडा थोडा काढत राहायचं. तणनाशक भर उन्हाळ्यात मारू नका, तहानलेलं तण औषध नीट शोषत नाही, पैसे जातात आणि वर लॉनला चटका बसतो.

आता पाणी

सगळा खेळ पाण्याचा आहे म्हणून इथे जरा सविस्तर.

एक हिशेब डोक्यात ठेवा, १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर १ लिटर. भर उन्हात अशा गवताला दिवसाला साधारण ५ मिलिमीटर पाणी लागतं, वारा आणि कोरडी हवा असेल तर अजून जास्त. ५०० चौरस फूट म्हणजे सुमारे ४६ चौरस मीटर, म्हणजे रोजचे २३० लिटर. लॉन १००० फुटांचं असेल तर ४६० च्या पुढे, म्हणजे दहा हजार लिटरचा एक टँकर फक्त लॉनवर तीन आठवड्यात संपतो. हा आकडा बघितल्यावरच ठरवा की आपल्याला पूर्ण हिरवं लॉन परवडतंय का. गावात पिण्याचं पाणी एक दिवसाआड येत असताना गवतावर प्यायचं पाणी ओतणं मला तरी पटत नाही, पण बोअर असेल किंवा सोसायटीच्या एसटीपीचं, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटचं पाणी मिळत असेल तर गोष्ट वेगळी.

आपल्या पाईपमधून किती पाणी येतं ते बहुतेकांना माहीतच नसतं. २० लिटरची बादली पाईपखाली लावा आणि मोबाईलवर वेळ बघा. दोन मिनिटांत भरली तर मिनिटाला १० लिटर. मग २३० लिटरला २३ मिनिटं. आपण रोज पाच मिनिटं फवारा मारून समाधान मानत असू तर गवताला गरजेच्या पाव हिस्साही मिळत नाहीये हे लगेच लक्षात येतं. स्प्रिंकलर असेल तर श्रीखंडाचे रिकामे डबे लॉनवर चार-पाच ठिकाणी ठेवा, अर्धा तास चालवा आणि पट्टीने मोजा की कुठल्या डब्यात किती मिलिमीटर साचलं. एका कोपऱ्यात ८ आणि दुसऱ्या कोपऱ्यात २ निघतं, आणि तो दुसरा कोपराच दरवर्षी वाळत असतो.

पाणी रोज थोडं थोडं देऊ नका. एक दिवसाआड किंवा दोन दिवसांनी, पण भरपूर. रोज वरवर ओलं केलं की मुळं वरच्या एक-दीड इंचातच राहतात आणि तोच थर दुपारी तव्यासारखा तापतो. खोल पाणी गेलं की मुळं पाण्यामागे खाली जातात. पाणी दिल्यावर तासाभराने एक लांब स्क्रू ड्रायव्हर जमिनीत खुपसून बघा, पाच-सहा इंच आरामात गेला तर पाणी पोचलं, दोन इंचावर अडकला तर नुसता वरचा थर भिजलाय. काळी माती असेल तर एका दमात सगळं पाणी सोडू नका, ती हळू पिते, दहा मिनिटं द्या, वीस-पंचवीस मिनिटं थांबा, परत दहा मिनिटं. आणि काळ्या मातीला भेगा पडेपर्यंत वाट बघू नका, भेगा पडल्या की पाणी त्या भेगेतून सरळ खाली जातं आणि आजूबाजूचं गवत कोरडंच राहतं. पडल्याच असतील तर चाळलेली माती-कंपोस्ट भरून मग पाणी.

वेळ पहाटेची, पाच ते सात. वारा नसतो, वाफ कमी होते. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत संध्याकाळी उशिरा दिलं तरी चालतं, पण कोकण, गोवा, मुंबई साईडला रात्रभर ओलं गवत आणि दमट हवा म्हणजे बुरशी, तिकडे सकाळच बरी. भर दुपारी पाण्याच्या थेंबाची भिंगं होऊन पानं जळतात असं लोक सांगतात त्यात फार तथ्य नाही, दुपारी द्यायचं नाही ते बरंच पाणी वाफ होऊन वाया जातं म्हणून. पण एक खरा धोका आहे, उन्हात पडलेल्या पाईपमधलं पाणी. ते इतकं तापलेलं असतं की हाताला चटका बसतो, ते आधी बादलीत काढून घ्या, गार पाणी यायला लागलं की मग झाडाला.

गवताला तहान लागली की ते सांगतं. रंग हिरव्यावरून जरा निळसर-राखाडी होतो, पानं दुमडून सुईसारखी होतात आणि चालल्यावर पावलांचे ठसे तसेच राहतात. ठसे दिसले की दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी. ठसे नाहीत तर एक दिवस थांबा. माळीकाका रोज पाणी द्या म्हणाले तरी थांबा, त्यांना चार बंगले एका तासात उरकायचे असतात त्यामुळे ते पाईप फिरवून जातात, त्यांचाही दोष नाही पण लॉन तुमचं आहे.

आणि पाणी खरंच नसेल तर? तर मग गवताला झोपू द्या. आठ-दहा दिवसांनी एकदा १० मिलिमीटर, म्हणजे ५०० फुटांना ४६० लिटर, एवढं मिळालं तरी हरळीच्या जातीच्या गवताच्या कांड्या तग धरतात. वरून सगळं तपकिरी दिसेल, पाहुणे विचारतील, विचारू दे. पण एकदा झोपवलं की झोपवलं, मध्येच एक आठवडा भरपूर पाणी देऊन जागं करायचं आणि परत तोडायचं असं केलं तर साठवलेली ताकद पालवीत जाते आणि मग ते खरंच मरतं. अशा लॉनवर क्रिकेट नको, खुर्च्या मांडून वाढदिवस नको. कोरियन आणि कार्पेट ग्रास असलेल्यांनी मात्र हा प्रयोग करू नये, ते इतके चिवट नाहीत.

पाणी कुठलं आहे तेही बघायला लागतं. बोअरचं पाणी जड असेल तर मातीवर पांढरा थर जमतो आणि गवत पाणी असूनही टोकाकडून करपतं. पाण्यातले क्षार मोजणारा टीडीएस मीटर स्वस्त मिळतो, एकदा मोजून घ्या. आरओचं वाया जाणारं पाणी लोक कौतुकाने बागेत सोडतात, पण त्यात सगळे क्षार एकवटलेले असतात, बोअरच्या पाण्यावर आरओ असेल तर ते पाणी फरशी-गाडी धुवायला वापरा, बागेला द्यायचंच असेल तर साध्या पाण्यात मिसळून आणि कुंडीत तर नकोच. वॉटर सॉफ्टनरमधून आलेलं पाणी झाडांना देऊ नका, त्यात सोडियम असतं आणि काळी माती त्याने दगडासारखी घट्ट होते. वॉशिंग मशीनचं पहिलं साबणाचं पाणी सोडून द्या, शेवटच्या खळबळीचं पाणी लॉनला चालतं, पण ताजं वापरा, साठवून वास मारेपर्यंत ठेवू नका. डाळ-तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी बिनधास्त कुंड्यांना.

कापणी

थोडक्यात, लॉन मोअरचं (गवत कापायच्या मशीनचं) पातं वर करा. थंडीत तुम्ही एक-सव्वा इंचावर कापत असाल तर मार्चपासून दोन इंच. उंच पानांची सावली मातीवर पडते आणि माती कमी तापते. एका वेळी एक तृतीयांशपेक्षा जास्त कापायचं नाही, महिनाभर वाढू दिलं आणि मग एकदम भादरलं की खालच्या पांढऱ्या काड्या उघड्या पडतात आणि दोन दिवसांत भाजतात. पात्याला धार लावून घ्या, बोथट पात्याने पान कापलं न जाता फाटतं आणि मग अख्खं लॉन वरून पांढुरकं दिसतं. कापलेलं बारीक गवत तिथेच पडू द्या, तेच खत. संध्याकाळी कापा, आणि लॉन झोपलेलं असेल तर मोअर बाहेर काढूच नका.

पिवळं पडलंय, पण का?

इथे बहुतेकजण चुकतात, पिवळं दिसलं की औषधाच्या दुकानात. आधी खाली बसून बघा.

फरशीच्या, पेव्हर ब्लॉकच्या किंवा पश्चिमेच्या कंपाऊंड वॉलच्या कडेने लांबट पट्टा वाळलाय, तर तो उष्णतेचा. फरशी दिवसभर तापते आणि बाजूचं गवत भाजते. तिथे पाणी वेगळं, हाताने जास्त द्यायचं, किंवा सरळ तो फूटभराचा पट्टा काढून तिथे खडी नाहीतर चिनी गुलाब लावून टाकायचा. चिनी गुलाबाला हेच ऊन आवडतं.

गोल ताटलीएवढा डाग, मध्ये वाळलेला आणि कडेने गडद हिरवी रिंग, म्हणजे कुत्र्याची शू. घरात कुत्रा असेल तर त्याने केल्या केल्या त्या जागी बादलीभर पाणी ओता, बाकी काही औषध नाही.

पानं पिवळी पण शिरा हिरव्या, आणि हे सगळीकडे, तर बऱ्याचदा लोहाची कमतरता. चुनखडीच्या जमिनीत आणि बोअरच्या जड पाण्यावर हे कायम दिसतं. लोह मातीत असतं पण गवताला मिळत नाही. हिराकस (फेरस सल्फेट) एक लिटरला ५ ग्रॅम, थोडा लिंबाचा रस, संध्याकाळी फवारा, आठवडाभरात रंग बदलतो. फक्त फरशीवर, भिंतीवर, गाडीवर उडू देऊ नका, गंजासारखे डाग पडतात आणि ते घासून निघत नाहीत.

गवत हाताने ओढल्यावर सहज वर येतंय आणि खाली मातीच्या भुरभुरीत नळ्या दिसतायत, तर वाळवी. वाळवी जास्त करून कोरड्या, मेलेल्या काडीकचऱ्यावर येते, तो थर दाताळ्याने काढा आणि पाणी वेळेवर द्या, बरीचशी आपोआप कमी होते. आणि एप्रिलमध्ये लॉन वाळलं म्हणून हुमणीचं औषध कुणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. हुमणीची अळी मुळं खाते ती पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर. उन्हाळ्यात तिचे भुंगेरे जमिनीत खोल पावसाची वाट बघत पडलेले असतात.

यातलं काहीच नसेल तर वाळलेली एक कांडी ओढून बघा. घट्ट धरून आहे आणि खालचा भाग पांढरट, टणक आहे तर जिवंत. सहज तुटली, आत कोरडी-तपकिरी आहे तर ती जागा गेली, पण ती आत्ता भरायची नाही. एप्रिल-मे मध्ये नवीन कार्पेट टाकून देणारे मिळतात, त्यांना नम्रपणे जूनमध्ये या म्हणा.

आंब्याखाली, जांभळाखाली दाट सावलीत लॉन टिकत नाही म्हणून दरवर्षी तुकडे लावणारे लोक मी बघितलेत. तिथे गवत येणार नाही हे मान्य करा आणि पालापाचोळ्याचा थर द्या, नाहीतर दोन दगड टाकून बसायला जागा करा, उन्हाळ्यात घरातली सगळ्यात गार जागा तीच असते. प्लॅस्टिकचं लॉन टाकायचा विचार येईल, पण मे महिन्यात दुपारी त्यावर अनवाणी पाय ठेवून बघा आणि मग ठरवा.

बाकीचं अंगण

झाडांचं पाणी खोडाशी ओतायचं नाही. पाणी पिणारी मुळं पानांचा घेर जिथे संपतो त्याच्या आसपास असतात, तिथे गोल आळं करा आणि मोठ्या झाडाला आठवड्यातून एकदा पण आळं भरून पाणी. मागच्या पावसाळ्यात लावलेलं रोप असेल तर मडकं सगळ्यात भारी. पाच-सात लिटरचं बिनरंगाचं मडकं, बुडाला बारीक भोक, त्यात सुती वात, रोपापासून फूटभर लांब गळ्यापर्यंत पुरायचं, भरून वर झाकण. चार-पाच दिवस निवांत, गावाला गेलात तरी चालतं. झाकण विसरू नका, नाहीतर डास होतात आणि पाली-सरडे पडतात.

आळ्यात दोन-तीन इंच पाचोळा पसरा. उन्हाळ्यात झाडं पानं गाळतात तीच पानं, वेगळं काही विकत आणायची गरज नाही. उसाचं पाचट मिळालं तर उत्तम, कोकणात नारळाची सोडणं आळ्यात उलटी-सुलटी पुरतात तीही छान पाणी धरून ठेवतात. खोडाला चिकटून मात्र ढीग नको, चार बोटं जागा सोडा. शेजारी पानं गोळा करून जाळत असतील तर मागून घ्या, धूर पण वाचेल आणि तुमचं आळं पण भरेल. लिंबू-आंब्याच्या कोवळ्या खोडावर पश्चिमेकडून ऊन लागत असेल तर खोडाला चुना लावून घ्या.

मोगऱ्याला हाच सीझन आहे, कळ्या येत असताना त्याला पाणी तोडू नका. बोगनवेलीचं उलटं, जास्त पाणी दिलं की नुसती पानं, जरा तहानलेली ठेवली की रंगाने भरते. जास्वंदीवर पांढरा कापसासारखा थर म्हणजे पिठ्या ढेकूण, आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा, फार झालेल्या फांद्या कापून पिशवीत बांधून टाका, मग नीम तेल लिटरला ५ मिली आणि थोडा साबण, तेही सूर्य मावळल्यावर. कडक उन्हात तेल फवारलं की पिठ्या ढेकणाच्या आधी पानंच जातात. मुंग्यांची रांग दिसत असेल तर तीही तोडा, त्याच त्यांना फांदीवरून फांदीवर नेतात. गुलाबाच्या पानावर बारीक ठिपके आणि खालून जाळी असेल तर लाल कोळी, कोरड्या हवेत वाढतो, पानांच्या खालच्या बाजूने रोज सकाळी पाणी मारलं तर बराच आटोक्यात राहतो. आणि उन्हाळ्यात छाटणी नाही, फक्त वाळलेलं काढायचं.

कुंड्या एकमेकींना खेटून ठेवा, मोठी झाडं बाहेरून, छोटी आत. काळ्या प्लॅस्टिकच्या कुंड्या सगळ्यात आधी तापतात, त्या एकतर सावलीत न्या नाहीतर बाहेरून गोणपाट गुंडाळा. शेडनेट ५० टक्क्यांचं पुरतं, ७५ चं लावलं तर फुलं कमी होतात, आणि ते झाडांना टेकवू नका, वर दोन-तीन फूट मोकळी हवा पाहिजे. खालच्या ताटल्यांमधलं पाणी दर दोन-चार दिवसांनी उपडं करा, डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या पाण्यात होतो. पक्ष्यांसाठी ठेवलेलं मातीचं भांडं पण रोज धुवून भरायचं, हाच नियम.

रोहिणी ते मृग

मे महिन्यात एखादा वळवाचा पाऊस येतो, सगळं हिरवं दिसायला लागतं आणि लोक लगेच खत टाकतात. थांबा. त्यानंतर परत दहा-पंधरा दिवस कडक ऊन असतं. झोपलेल्या लॉनला तो पाऊस जागं करतो, त्यामुळे वळवानंतर परत ऊन पडलं तर मात्र पाणी द्यायला लागतं, तिथे कंजुषी नको.

याच पहिल्या पावसांनंतर संध्याकाळी दिवेलागणीला कडुनिंबावर, बाभळीवर, बोरीवर तपकिरी भुंगेरे गोळा होतात, हेच हुमणीचे. अंगणात कडुनिंब असेल तर फांदी हलवून खाली पडलेले भुंगेरे रॉकेल नाहीतर साबणाच्या पाण्यात टाका, आठ-दहा दिवस रोज. लाईटखाली पाण्याचं घमेलं ठेवलं तरी बरेच पडतात. आत्ता एक मादी मारली की ऑगस्टमध्ये पन्नासेक अळ्या कमी. मागच्या वर्षी त्रास झाला असेल तर जमीन ओली झाल्यावर मेटारायझियम ही हुमणीला मारणारी बुरशी कंपोस्टमध्ये मिसळून लॉनवर टाका. कोरड्या तापलेल्या मातीत टाकली तर ती बुरशीच मरते, म्हणून घाई नको.

मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस झाले, माती आतपर्यंत भिजली की मग गेलेल्या जागा भरायच्या. कार्पेट विकत आणायची गरज नाही, आपल्याच लॉनच्या कडेने फरशीवर आलेल्या वेली कापा, प्रत्येक तुकड्याला दोन-तीन पेरं हवीत, खुरप्याने चीर पाडून तीन-चार इंचावर एकेक लावत जा, एक पेर मातीत आणि टोक बाहेर, वरून पायाने हलकं दाबा. साधारण दोन महिन्यांत जागा भरते. नवीन फूट दिसायला लागली की युरियाचा पाव किलोचा तो डोस परत, पानं कोरडी असताना आणि लगेच पाणी देऊन, किंवा रिमझिम पावसाच्या आधी. मुसळधारेचा अंदाज असेल त्या दिवशी नको, सगळं गटारात जाईल. मोअरचं पातं मात्र अजून दोन आठवडे वरच राहू दे.